एका बँडची सरस-निरस वाटणी

माझ्या सासऱ्यांनी सत्तरच्या दशकातल्या एका विलायती रॉक बँडची आपल्या दोन जावयांत समसमान वाटणी केली. गायक मन्मथच्या वाट्याला गेला. माझ्याकडं गिटारवाला आला, तोही अर्धाच.

मन्मथ म्हणजे माझा साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ढोकीला राहतो, ऊस लावतो, दोन ट्रॅक्टर बाळगतो आणि दर भेटीत माझ्यापेक्षा जरा जास्तच तरुण दिसतो. मी धाराशिवला कोर्टात स्टेनो आहे. लोकांच्या वाटण्यांचे दावे दिवसभर ऐकायचे आणि टाइप करायचे, हे माझं काम. 'कानावर आमचं पोट चालतं,' असं मी गेली पंचवीस वर्षं पाहुण्यांना सांगत आलोय. (हल्ली मी तोंड उघडलं की मन्मथच ते वाक्य पूर्ण करतो.)

आता त्या बँडच्या अल्बमबद्दल. सोलापूरला कॉलेजात असताना एका दुकानदाराकडून मी तो नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतला होता. बँडचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उच्चार चुकला म्हणून ढोकीहून फोन येईल! त्यातले निम्मे इंग्रजी शब्द मला कळत नसत, आणि उरलेले कळून काही उपयोग नसे, पण ती गिटार सुरू झाली की अंगावर काटा यायचा. खोलीतली बाकीची पोरं हिंदी गाणी ऐकायची आणि मी एकटा विलायती. याचा मला केवढा माज होता, ते सांगायला आज लाज वाटते. तेव्हा अजिबात वाटत नव्हती. पुढं नोकरी लागली, शैलाशी लग्न झालं, धाराशिवला बिऱ्हाड झालं, तरी सबंध जिल्ह्यात हा अल्बम ऐकणारा मी एकटाच, ही माझी खाजगी पदवी होती.

मग माझ्या मेव्हणीचं, कल्पनाचं, लग्न झालं. नव्या साडूवर छाप पाडावी म्हणून मी त्याला त्या कॅसेटची कॉपी भेट दिली. हेतू असा की त्याला त्यातलं काही कळणार नाही, आणि कळत नाही हे तो चारचौघांत कबूल करील. आठ दिवसांनी मन्मथ घरी आला, चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "दादा, तिसऱ्या गाण्यात ढोलवाला एका जागी गडबडतो बघा. गिटारवाला सांभाळून घेतो त्याला. लई ग्वाड जागा हाय ती."

ढोलवाला गडबडतो हे मला ठाऊक नव्हतं. मी "हो, आहे की," म्हणालो. तो गेल्यावर ते गाणं मी एकवीस वेळा ऐकलं. एकविसाव्या वेळी ढोलवाला गडबडला.

तेव्हापासून मी मन्मथवर जळतो. आडपडदा कशाला ठेवायचा? त्याच्या विहिरीवर जळतो, त्याच्या डोक्यावरच्या केसांवर जळतो, पण सगळ्यात जास्त त्याच्या कानांवर जळतो. त्यानं ती कॅसेट ट्रॅक्टरवर बसवली. माझ्या अल्बमवर नांगरट! आणि त्या साली ऊस चांगला पोसला, तर त्याचं श्रेय यानं गावभर त्या गिटारवाल्याला दिलं. कुणी विचारलं की हे गाणं तुला कुठं मिळालं, तर तो लगेच 'आमच्या दादांनी दिलं' असं सांगायचा. तेवढंही करायला नको होतं त्यानं. नावं ठेवायला माणसाला काही जागा तर हवी.

तर, यंदा एके दिवशी मोबाइलवर एक लेख वाचनात आला. तो अल्बम आता सराउंड साउंडमध्ये नव्यानं निघाला होता, डिस्कवर. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गाण्याला दोन स्पीकर लागतात, याला पाच. पुढं तीन, मागं दोन, आणि शिवाय धबधब आवाजासाठी वूफर नावाचा एक जड खोका. पुढच्या मधल्या स्पीकरमधून गायक गातो, बाकीचे वादक चारी बाजूंनी वाजवतात, आणि बरोब्बर मधे खुर्ची टाकून बसलेल्या एकाच माणसाला आपण बँडच्या पंगतीत बसलोय असं वाटतं. कंपनीवाले जुन्या मूळ टेप शोधून काढतात, एकेक वाद्य सुटं करतात आणि पुन्हा मांडतात.

हे सगळं ठीक होतं. पण लेखात पुढं लिहिलं होतं की तिसऱ्या गाण्याच्या शेवटी एक बाई गुणगुणते. जुन्या अल्बममध्ये ती गिटारीखाली इतकी दबली होती की कुणाला ऐकूच आली नव्हती. नव्या डिस्कवर तिला मागच्या दोन स्पीकरांच्या बरोब्बर मधे आणून बसवलंय. ती कोण, तिचं नाव काय, हे लेख लिहिणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. कुठं नोंदच नाही म्हणे.

माझ्या हातातला चहा गार झाला. मी तीस वर्षं ते गाणं ऐकतोय. एक बाई तीस वर्षं माझ्या कानाशी गुणगुणत होती, आणि कानावर पोट भरणाऱ्या मला तिचा पत्ता नाही! पण खोटं कशाला बोलू, मनात पहिला विचार त्या बाईचा आला नाही. पहिला विचार आला तो हा, की ही बाई मन्मथला माझ्याआधी ऐकू येता कामा नये.

नेमका त्याच सुमाराला अधिक महिना लागला. दर तिसऱ्या वर्षी हा महिना आला की जावयाला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे आणि काहीतरी वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. आमचे मामा (सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी) एरवी महादेवाशिवाय कुणापुढं वाकत नाहीत. पण त्या एका दिवशी त्यांना दोन्ही जावयांत विष्णू दिसतो.

दोन्ही जावयांत सारखाच विष्णू दिसतो, ही खरी अडचण. मामांचं भूमला धान्याचं अडत दुकान आहे. सगळं आयुष्य काट्यापुढं गेलं. एका जावयाला गुंजभर जास्त गेलं तर त्यांना अन्न गोड लागत नाही. गेल्या अधिकात त्यांनी एकाच ताग्यातून दोघांच्या सफारीचं कापड फाडलं. ते घालून आम्ही एका लग्नात शेजारी बसलो, तर वरपक्षाकडचे आम्हाला 'वाजवायला कधी सुरुवात करणार' असं विचारून गेले. मला चष्मा लागला त्या वर्षी मन्मथलाही चष्म्याची फ्रेम मिळाली. काच पुढंमागं लागंल तवा घाला, म्हणाले.

तर यंदा काय हवं, असं शैलानं माहेरच्या वतीनं मला विचारलं. आधी रीतीप्रमाणे मी काही नको म्हणालो. मग रीतीप्रमाणे तिनं पुन्हा विचारलं. मग मी आधीच लिहून ठेवलेली चिठ्ठी खिशातून काढून दिली. पाच स्पीकर, वूफर, डिस्क वाजवायचा प्लेअर आणि तो अल्बम. वर बजावलं, की कल्पनाला यातलं काही कळू देऊ नको.

"मी हून सांगणार न्हाय," शैला म्हणाली. "पर तिनं इचारलं तर माझ्याच्यानं खोटंबी बोलवणार न्हाय."

कल्पनानं पाच मिनिटांत फोन करून विचारलं. कारण तिच्या नवऱ्यानंही लेख वाचला होता, आणि ढोकीहूनही भूमला एक चिठ्ठी गेली होती. तेच स्पीकर, तोच अल्बम. मन्मथच्या चिठ्ठीत फक्त एक ओळ जास्तीची होती: 'एकच मिळाला तर आधी दादांना द्यावा.' हे असं आहे बघा! मी लपवाछपवी करून त्याला हरवू बघतो आणि हा माणूस मोठेपणा करून मला हरवतो.

मामांनी सोलापूरच्या एका दुकानदाराला सांगून संच मागवला. बाहेरदेशाची वस्तू, आली ती एकच. दुसरी कधी येईल ते त्यालाही सांगता येईना. आम्हा दोघांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ठरल्या रविवारी आम्ही भूमला गेलो, पाय धुवून घेतले, कुंकू लावून घेतलं आणि पाटावर शेजारी शेजारी बसलो. मामी पहाटेपासून पुरण वाटत होत्या. त्यांनी ताटं वाढली. मामांनी आमच्या दोघांच्या मधे एक खोकं आणून ठेवलं. एकच.

"माल एकच आला जावईबापू," मामा म्हणाले. "पर जावई मला दोन हायती. एकाला देऊन दुसऱ्याला रिकाम्या हातानं धाडणं माझ्याच्यानं जमायचं न्हाय." आणि त्यांनी खोकं फोडलं.

डाव्या बाजूचे दोन स्पीकर थोरल्या जावयाला, म्हणजे मला. उजव्या बाजूचे दोन धाकट्याला. वूफर त्यांनी दोन्ही हातांनी उचलून अंदाज घेतला आणि माझ्यापुढं ठेवला. मग मन्मथची बाजू हलकी दिसायला लागली, म्हणून मधला स्पीकर तिकडं गेला. तरी पारडं जुळेना, म्हणून रिमोट तिकडं गेला. रिमोटचे सेल मला मिळाले. प्लेअर मला. खोक्यात डिस्क दोन होत्या, एक सराउंडची आणि एक साधी. मामांना दोन्ही सारख्याच चकचकीत दिसल्या. सराउंडची मन्मथकडं गेली. शेवटी वायरचं भेंडोळं उरलं. ते त्यांनी हातानं मोजलं, दुमडलं आणि मधोमध अडकित्ता चालवला.

आता कोर्टात मी रोज टाइप करतो: 'सरस-निरस मानाने वाटणी व्हावी.' म्हणजे काळी जमीन असो की मुरमाड, ज्याला त्याला दोन्ही सारखं यावं. पण विहिरीची मधे भिंत घालून वाटणी करता येत नाही, हे कोर्टालाही कळतं. मला त्या क्षणी उठून हे सांगायचं होतं. पण पाय धुवून घेतलेला विष्णू पाटावरून हरकत कशी घेणार? शिवाय मनात भीती अशी, की मी वाटणी नको म्हणालो आणि मामांनी सगळंच मन्मथला देऊन टाकलं तर! म्हणून मी 'उत्तम' म्हणालो. मन्मथही 'उत्तम' म्हणाला. आणि दोघांनीही ताटातले धोंडे तसेच टाकून हात धुतले. मामींनी ताटं उचलली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, असं शैलानं मला नंतर सांगितलं. मी रिमोटकडं बघत होतो.

घरी येऊन मी माझा वाटा जोडला. साधी डिस्क लावली. डावीकडून गिटारवाला निघाला, अगदी समोर येऊन उभा राहिल्यासारखा. गायक मात्र उजवीकडं, म्हणजे ढोकीला. त्याचा एखादा श्वास तेवढा माझ्याकडं यायचा. खालून वूफर असा धडधडायचा की मांडणीवरचे पेले पुढं सरकायचे. शैला शांतपणे शेंगा फोडत बसली होती. दहा मिनिटांनी तिनं विचारलं, "अहो, हे गाणं सुरू कधी व्हनार?" ते तेव्हा संपत आलं होतं.

तिकडं मन्मथकडं डिस्क होती पण प्लेअर नव्हता. म्हणजे त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. एवढा एकच दिलासा मला होता, आणि तो मी दिवसातून चारदा आठवून घ्यायचो. मग त्यानं मोबाइलच्या स्टेटसला डिस्कचा फोटो टाकला, हळदकुंकू लावलेला. मी प्लेअरचा टाकला, हळदकुंकू आणि वर झेंडूचं फूल. त्यानं मधल्या स्पीकरचा टाकला आणि खाली लिहिलं, 'आमचा गायक.' मी मग वूफरला बाजारातून आणून मोठा हार घातला आणि फोटो टाकला. तो बघून चार नातेवाइकांनी शैलाला फोन केले, कोण गेलं म्हणून.

शेवटी मी कायद्याचा आधार घेतला. सुट्टीच्या दिवशी घरी बसून रीतसर तडजोडपत्र टाइप केलं. संच पंधरा दिवस थोरल्याकडं, पंधरा दिवस धाकट्याकडं. पहिली पाळी अर्थातच वयानुसार. मन्मथचा फोन आला. म्हणाला, समदं मान्य हाय, पण एकट्यानं ऐकण्यात काय मजा, दोघं मिळून ऐकू. हा चांगुलपणा मला नेहमीप्रमाणे झोंबला. मग तो म्हणाला, फक्त मधल्या खुर्चीत कोण बसायचं तेवढं कागदावर घ्या.

इथं सगळं अडलं. खुर्ची एकच. मी सुचवलं की एक, तीन, पाच या गाण्यांना मी बसतो, दोन, चार, सहाला तू बस. तो गोड आवाजात म्हणाला, "दादा, तुमी मोठे. दोन, चार, सहा तुमी घ्या की." तिसरं गाणं त्यालाही हवं होतं. म्हणजे लेख त्यानंही पार बाईपर्यंत वाचला होता!

पुढचे आठ दिवस आम्ही दुरुस्त्या करत होतो. प्रत्येक गाणं अर्धं अर्धं. मग पहिला अर्धा कुणाचा? बाई शेवटी गुणगुणते, त्यामुळं पहिला अर्धा दोघंही एकमेकांना मोठ्या मनानं देत होतो. तेरावी दुरुस्ती चालू असताना मामींचा फोन आला.

मामी स्वतः कधी फोन करत नाहीत. मामा करतात आणि मामी मागून आठवण करून देतात. त्या दिवशी त्यांनी स्वतः केला. "अधिक संपायला चार दिस हायती," त्या म्हणाल्या. "जावयांनी धोंडे ताटात टाकले, तवापासून माझा जीव थाऱ्यावर न्हाय. आमचं काय चुकलं, तेबी कुणी सांगंना. रविवारी दोघंबी या. आन् ते डबे संगं आणा, म्हंजी तुमची त्वांडं तरी सरळ व्हतील."

मला खरंच वाईट वाटलं. (आणि मग लगेच लक्षात आलं की रविवारी सराउंडची डिस्क आणि माझा प्लेअर एका घरात येणार.) वूफर पोत्यात घालून मी आणि शैला एसटीत बसलो. पोत्यात काय, असं कंडक्टरनं विचारलं. अर्धा बँड, असं खरं ते मी सांगितलं. त्यानं शैलाकडं पाहिलं, शैलानं खिडकीबाहेर पाहिलं, आणि त्यानं मुकाट सामानाचं तिकीट फाडलं.

मन्मथ आधीच पोचला होता. डिस्क त्यानं सदऱ्याच्या आत, बनियनला लागून ठेवली होती. मी काही त्याच्या सामानाला हात लावणार नव्हतो आणि तो काही माझ्या. डावी बाजू मी जोडली, उजवी त्यानं जोडली. मामांनी अडकित्त्यानं कापलेल्या वायरी तोकड्या पडल्या, त्यामुळं स्पीकर भिंतीपर्यंत पोचेनात. बैठकीच्या खोलीत मधेच पाच डब्यांचं एक लहानसं रिंगण तयार झालं, आणि त्या रिंगणात एकच खुर्ची मावत होती.

मी खुर्चीकडं पाहिलं. मन्मथनं माझ्याकडं पाहिलं. मामांनी दोघांकडं पाहिलं, उठले, आणि खुर्ची उचलून अंगणात नेऊन ठेवली.

"मधी कुणीच बसायचं न्हाय," ते म्हणाले. "ज्यानं त्यानं आपापल्या वाट्याजवळ बसावं."

असा निकाल लागला. मी माझ्या दोन डब्यांना चिकटून बसलो, वूफर मांडीशी. मन्मथ त्याच्या बाजूला बसला. मधली जागा सरकारजमा. डिस्क सुरू झाली आणि गिटारवाला थेट माझ्या डाव्या कानात शिरला. त्यातून पलीकडचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. मन्मथच्या कानाशी गायक होता. गायक बेंबीच्या देठापासून ओरडत होता आणि मन्मथ एक डोळा मिटून ते सोसत होता. त्याला होणारा त्रास बघून मला संगीताचा निम्मा आनंद तिथंच मिळाला.

दुसऱ्या गाण्याला मामी आतून आल्या. चुलीपुढं उकडायला लागलं होतं. त्यांच्या हातात कणकेची आणि पुरणाची परात होती, आणि खोलीत पंख्याखाली रिकामी जागा तेवढीच होती. त्या सरळ रिंगणाच्या मधोमध येऊन मांडी घालून बसल्या आणि धोंडे भरायला लागल्या. मी तोंड उघडलं होतं, पण मामींना उठवायचं म्हणजे धोंडे थांबवायचे, आणि ते कोणत्या तोंडानं सांगणार?

तिसरं गाणं सुरू झालं. सबंध गाणं मी मागच्या डब्याकडं कान लावून होतो, पण पुढच्या डब्यातला गिटारवाला मला सोडायला तयार नव्हता. शेवट जवळ आला, गिटार तापली, वूफरनं मांडी बधिर केली, आणि गाणं संपलं. मला बाई ऐकू आली नाही.

मामींचे हात थांबले होते. हातातला धोंडा तसाच अर्धा वळलेला.

"ही बाई कोण वो?" त्यांनी विचारलं.

"कोणती बाई?" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"ही की, मागं गुणगुणायली ती. हे बापे पुढं वरडायलेत, आन् ती आपली मागं काम करता करता गुणगुणायली." त्यांनी धोंडा वळून परातीत ठेवला. "ग्वाड आवाज हाय बिचारीचा. तिला कुणी पुढं येऊन बस म्हणलंच न्हाय वाटतं."

मामांनी उगाच घसा खाकरला. पन्नास वर्षं त्या घरात कुणी मामींना गाणं ऐकायला बस म्हणालं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं, आणि मला लाज वाटली. खरंच वाटली. पण लाजेच्या पाठोपाठ जे आलं ते सांगितलं पाहिजे. मला मामींचा हेवा वाटला, अगदी पोटातून. ना कॅसेट, ना लेख, ना तीस वर्षं. परात घेऊन बसल्या आणि पहिल्या झटक्यात बाई ऐकली!

"मामी, जरा सरकता का?" मी म्हणालो. मन्मथ एव्हाना उठून रिंगणात आलाही होता. मामी परात घेऊन बाजूला झाल्या. त्या एका माणसाच्या जागेत आम्ही दोघं, गुडघ्याला गुडघे लावून, समोरासमोर बसलो. माझे सेल घातलेल्या त्याच्या रिमोटनं तिसरं गाणं पुन्हा लागलं.

मी मन्मथचा चेहरा बघत होतो. बाई आली की याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलणारच, भुवई, नाकपुडी, काहीतरी. ते माझ्या नजरेतून सुटता कामा नये. त्याची भुवई जराशी वर गेली. याला आली, असं मला वाटलं. मग लक्षात आलं की तो माझ्या भुवईकडं बघतोय. असे आम्ही एकमेकांकडं डोळे लावून बसलो, आणि गाणं संपून चौथं कधी सुरू झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"आली का?" मी विचारलं.

"न्हाय," मन्मथ म्हणाला. "तुमाला?"

"नाही."

"झालं आसंल तर उठा," मामी म्हणाल्या. "मला ती बाई परत ऐकायची."

त्या पुन्हा मधे बसल्या, आणि या खेपेला परात बाजूला ठेवून बसल्या. संच तिथंच राहिला. न्यायचा विषय मीही काढला नाही आणि मन्मथनंही काढला नाही. मामींकडं राहिलेला मला चालत होता. ढोकीला नको, एवढंच. (मन्मथचं धाराशिवबद्दल हेच मत होतं, असं कल्पनाकडून कळलं.) मग आम्ही जेवायला बसलो आणि मी नऊ धोंडे खाल्ले. मामी हात राखून वाढत नव्हत्या आणि मी नाही म्हणत नव्हतो.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून चक्क शीळ घालत होतो. शैला बराच वेळ माझ्याकडं बघत होती. शेवटी तिनं विचारलं, ऐकू आली का ती बाई?

"नाही," मी म्हणालो. "पण मन्मथलाही नाही आली!"

"इतके खूश तर तुमी आपल्या लग्नातबी नव्हता," ती म्हणाली.

खरं आहे. लग्नात कसा असणार? तेव्हा मन्मथ कुठं होता!